एकोणचाळीस सेकंदांचं काम

टीमला पहिलं बक्षीस मिळालं, स्टोअर बंद झालं आणि नानांची बदली मागच्या इमारतीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे शेवटी काय होतं म्हणून कुणी उगीच जीव टांगणीला लावून बसायला नको. आता असं काही झालंच नाही असं धरून चालू. नानांनीही तसंच धरलं होतं.

तर सोमवार होता, सकाळचे सव्वानऊ.

"काका, झालं? एवढ्यातच?"

विचारणाऱ्या मुलाच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि चेहऱ्यावर लग्नाला उशिरा पोचलेल्या माणसाचे भाव होते. नानांच्या मुठीत बारा वायसर होते. असेंब्लीच्या माणसाने खिडकीतून चिठ्ठी दिली होती, नानांनी ती वाचली, तिसऱ्या रांगेतल्या डाव्या घोडीवरून, म्हणजे माल ठेवायच्या लोखंडी मांडणीवरून, वायसर काढले आणि खिडकीत आणून ठेवले. एकोणचाळीस सेकंद. सव्वीस वर्षं ते हेच करत होते आणि ह्यात कुणाची निराशा होण्यासारखं काही असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"झालं की," नाना ओशाळून म्हणाले. "का रे? कमी पडले का?"

"नाही, बरोबर आहे," मुलगा म्हणाला आणि मोठ्या कोऱ्या तक्त्यात एवढासा आकडा लिहिला.

हा कारखाना वजनकाट्यांचा. भाजीवाल्याच्या काट्यापासून गोदामात पोती तोलायच्या काट्यापर्यंत सगळं इथे जोडलं जाई. त्याला लागणारे स्क्रू, स्प्रिंगा, तबकड्या, काचा आणि वायसर, एकूण अठराशे चाळीस प्रकारचे सुटे भाग, नानांच्या स्टोअरमध्ये असत. असेंब्लीवाल्यांची जुनी तक्रार होती की मालाची वाट बघण्यात त्यांचा दिवस जातो. साहेबांनी, म्हणजे कारखाना व्यवस्थापकांनी, ती इतकी वर्षं मनावर घेतली नव्हती. मग एका इंजिनिअरिंग कॉलेजचं पत्र आलं, की आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना खऱ्या कंपनीचा खरा प्रश्न हवा आहे, टीम करून सोडवतील. साहेबांनी मागे वळून पाहिलं, तर त्यांच्याकडे हा एकच प्रश्न सुस्थितीत शिल्लक होता. तो त्यांनी देऊन टाकला.

टीम चौघांची. लीडर ही एक सडपातळ मुलगी, जी प्रत्येक वाक्य 'ओके, तर' ने सुरू करी. घड्याळवाला वर सांगितलाच. तिसरी चाकवाली. तिच्याकडे एक काठी होती आणि काठीच्या टोकाला चाक. ती नानांच्या मागोमाग ते चाक ढकलत चाले आणि दर मीटरला चाक 'टक्' करी. चौथा काहीच करत नसे. प्रत्येक टीममध्ये एक चौथा असतो. टीम तिघांची असली तरी असतो. त्याच्यासाठी नानांनी एक स्टूल पुसून ठेवलं.

पण एकोणचाळीस सेकंदांनी नानांच्या मनाला रुखरुख लागली. पोरं एवढ्या लांबून दोन बस बदलून आलेली, खांद्याला पिशव्या, हातात तक्ते. आणि आपण त्यांच्यापुढे काय ठेवलं? पाहुणे दारात आणि घरात साखर नाही, तशी त्यांची गत झाली. पुढच्या चिठ्ठीला, सहा स्प्रिंगा हव्या होत्या, नाना सरळ गेले नाहीत. काचांच्या मागून गेले. तबकड्यांपाशी थांबले, एका खोक्याचं झाकण उघडून आत पाहिलं, 'हं' म्हणाले, झाकण लावलं, मग स्प्रिंगा काढल्या आणि शिडीला वळसा घालून परत आले. चाक मागे टकटकत होतं.

"दोन मिनिटं अकरा!" घड्याळवाला ओरडला. त्याचा चेहरा उजळला होता. "लीडर, हे बघ, केवढा फरक!"

"ओके, तर हे इंटरेस्टिंग आहे," लीडर म्हणाली.

चाकवाली धापा टाकत तक्ता भरत होती. "काका, मधेच तिकडे का वळलात?"

नाना गडबडले. सव्वीस वर्षांत ते कुठे वळतात हे कुणी पाहिलं नव्हतं. का वळतात हा तर पुढचा प्रश्न. बायको होती तेव्हा तीसुद्धा 'आलात?' एवढंच विचारायची. "तिकडे जरा," ते म्हणाले, "हवा असते."

चाकवालीने कारणांच्या रकान्यात लिहिलं: हवा.

त्या दिवशी नाना सहा किलोमीटर चालले. दुसऱ्या दिवशी साडेसात.

*

नाना राहत ती जागा दोन खोल्यांची, तिसऱ्या मजल्यावर. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा दुसऱ्या शहरात. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन येई. तो गुणी मुलगा होता, फोन कधी चुकवत नसे. फक्त त्याला फोनवर बोलता येत नसे आणि हे तो बापाकडूनच शिकला होता.

त्या रविवारी नानांनी टीमकडून मागून आणलेला एक कोरा तक्ता टेबलावर पसरला. तक्त्याला चार रकाने होते: काम, चालणं, शोधणं, वाट पाहणं. दिवसभरात माणूस जे काही करतो ते ह्या चारांतच कुठेतरी बसतं, असं लीडरने त्यांना समजावलं होतं. पाचवा रकाना नव्हता.

दहाला फोन वाजला.

"बाबा, जेवलात का?"

"दहा वाजलेत रे."

"हो, ते आहेच. मग? बाकी?"

"बाकी ठीक. माझ्याकडे सध्या टीम आहे."

"कसली टीम?"

"माझ्या मागे चाक घेऊन फिरतात."

"बाबा, डॉक्टरकडे जाऊन आलात का एवढ्यात?"

"अरे, कॉलेजची पोरं आहेत. मोजमाप करतात. माझं."

"बरं बरं. काळजी घ्या. ठेवू?"

"ठेव."

नानांनी घड्याळ पाहून लिहिलं. काम: सोळा सेकंद. चालणं: नाही. शोधणं: बोलायला विषय, वीस सेकंद. वाट पाहणं हा रकाना त्यांनी प्रामाणिकपणे भरायला घेतला. उठल्यापासून फोन वाजेपर्यंत चार तास. मग त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या रविवारपर्यंतचाही वेळ ह्याच रकान्यात येतो, आणि तेवढी त्यात जागा नव्हती. त्यांनी तक्ता उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

*

प्रकल्प तीन आठवड्यांचा होता. पण आकडे एवढे पसरट आले की कॉलेजच्या सरांनी मान हलवली आणि म्हणाले, एवढी तफावत असेल तर अजून तीन आठवडे मोजा. लीडर ही बातमी घेऊन आली तेव्हा रडवेली होती. नानांनी तिला पाणी दिलं आणि स्वतः खोक्यांमागे जाऊन थोडा वेळ हसून आले.

आता त्यांना हुरूप चढला. खालच्या कप्प्यातल्या वस्तूला ते शिडी लावू लागले. एकदा चार स्क्रू आणायला निघाले आणि वाटेत चाकवालीला, तिने विचारलं म्हणून, स्टोअरची मांडणी समजावून दिली. माल ज्या क्रमाने कारखान्यात पहिल्यांदा आला त्याच क्रमाने लावलेला होता. म्हणजे स्क्रू इथे, कारण ते पहिले आले. स्क्रूवरचा वायसर तिकडे तिसऱ्या रांगेत, कारण तो आला तेव्हा नानांचं लग्न ठरत होतं. मोठ्या काचा आल्या त्या आठवड्यात मुलगा झाला. चाकवाली ऐकत राहिली. चाक उभं राहिलं. घड्याळ मात्र चालू होतं: स्क्रू चार, सतरा मिनिटं.

खिडकीवर असेंब्लीवाले खवळले होते.

"नाना, स्प्रिंग आणायला गेलात की वळायला बसलात?"

"नाना, आज आणताय की आम्ही डबा खाऊन येऊ?"

"टीम लावल्यापासून म्हाताऱ्याला गती आलीय. फक्त उलटी!"

नाना चिठ्ठ्या घेत, हसत. शिव्या देणाऱ्यालाही खिडकीशी यावंच लागतं आणि तेवढा वेळ तो समोर उभा असतो. दिवसाला चाळीसएक माणसं होत. बायको गेल्यापासून नाना जे काही बोलले होते, त्यातलं बहुतेक ह्या दोन फूट बाय दीड फुटाच्या खिडकीतून बोलले होते.

सहाव्या आठवड्यात, एका गुरुवारी दुपारी, तिघं जेवायला गेले आणि चौथा स्टुलावरच बसून राहिला. तो नेहमीच तिथे असे, त्यामुळे त्याने तोंड उघडलं तेव्हा नाना दचकले.

"काका, तुम्ही मुद्दाम लांबून जाता ना?"

"छे रे. काहीतरीच."

"पहिल्या फेरीला एकोणचाळीस सेकंद लागले होते. मी बघत होतो. मला दुसरं कामच नाही."

नाना चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करू लागले. तो आधीपासून सारखाच होता.

"रिपोर्ट लिहून होत आलाय," चौथा म्हणाला. "त्यात आहे की स्टोअर नकोच. असेंब्लीच्या प्रत्येक टेबलाला दोन-दोन डबे लावायचे. एक संपला की दुसरा वापरायचा, रिकामा झालेला डबा मालवाला बाहेरूनच भरून जाणार. खिडकी नाही, चिठ्ठी नाही. आणि स्टोअरकीपरची जागा जी आहे, तिच्यापुढे 'अनावश्यक' असं लिहिलंय."

"शब्द कुणी काढला?"

"लीडरने. मी 'नको' सुचवलं होतं. ते तिला फार बोलीतलं वाटलं."

"मग मला काय, घरी बसवतील?"

"नाही हो. साहेब म्हणाले, माणूस जुना आहे, मागच्या इमारतीत जुने कागद आहेत, तिथे बसेल. शांत जागा आहे म्हणाले." चौथ्याने घसा खाकरला. "काका, उद्या पडताळणी आहे. पाच फेऱ्या. उद्याचे आकडे आधीच्यांशी जुळले नाहीत तर रिपोर्ट पडेल. तुम्ही फक्त नेहमीसारखे चाला. म्हणजे टीम यायच्या आधीच्या नेहमीसारखे. मी कुणाला सांगणार नाही. तसंही मला कुणी विचारत नाही."

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर नाना घरी जाण्याआधी मागच्या इमारतीत डोकावून आले. एक खोली, एक टेबल, भिंतीभर कपाटं, कपाटांत फाइली. पलीकडे पाण्याची टाकी. ते दारात उभे राहिले आणि कुणी येतं का ते पाहत राहिले. बऱ्याच वेळाने एक माणूस आला. त्याने टाकीचा वॉल्व्ह बंद केला आणि निघून गेला.

तेव्हा नानांनी ठरवलं, उद्या सरळ चालायचं.

*

शुक्रवारी लीडरने धुतलेले केस घट्ट बांधले होते. "ओके, तर पाच फेऱ्या, आणि आपण सुटलो."

पहिली चिठ्ठी: वायसर, दहा. नाना नाकासमोर गेले, नाकासमोर आले.

"एकोणचाळीस," घड्याळवाला म्हणाला. त्याने घड्याळ कानाशी नेलं. स्टॉपवॉचला आवाज नसतो, पण त्याने नेलं.

दुसरी चिठ्ठी: स्प्रिंगा, चार. एक्केचाळीस सेकंद. चाकवालीचं चाक जेमतेम तीस वेळा टकटकलं. खिडकीतला माणूस माल एवढ्या लवकर आला म्हणून बावचळून तसाच उभा राहिला.

लीडर एका खोक्यावर बसली. 'ओके, तर' म्हणाली नाही. खोक्यावर 'काच, सांभाळा' असं लिहिलेलं होतं.

"सर म्हणतील आकडे हॉस्टेलवर बसून लिहिले," ती शेवटी म्हणाली. "सहा आठवडे. तीनशे फेऱ्या. कोण विश्वास ठेवेल? मागच्या वर्षी एका टीमचं असंच झालं, चौघांनाही नापास केलं."

"मी आधीच दोन विषयांत गेलोय," घड्याळवाला म्हणाला. "घरी काय सांगू?"

"तू तुझंच बघ."

"मग काय तुझं बघू? 'मोजमाप मीच करणार' म्हणून कोण नाचत होतं?"

"मी नाही, तू नाचत होतास!"

नाना खिडकीशी पाठ करून उभे होते. सहा आठवड्यांत ह्या पोरांना भांडताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरातही कुणी भांडून चार वर्षं झाली होती. चौथा स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होता आणि मान अगदी बारीक, 'असंच, असंच' म्हटल्यासारखी हलवत होता.

तिसरी चिठ्ठी आली. तबकड्या, आठ. तबकड्या डावीकडे, बारा पावलांवर.

चाकवालीने काठी उचलली आणि नानांच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, संशय नव्हता. तिला फक्त रकाना भरायचा होता.

"काका," तिने हळूच विचारलं, "आज तिकडे हवा नाही का?"

नानांनी चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली.

"आहे," ते म्हणाले. "मगाशी नव्हती."

आणि ते उजवीकडे वळले.

ते काचांच्या मागून गेले. खोकी मोजली. शिडीवर चढले, वर काही नव्हतं ते नीट पाहिलं, उतरले. चाक मागोमाग टकटकत राहिलं. तिसरी फेरी चार मिनिटं सहा सेकंद. चौथी पाच मिनिटं. पाचव्या फेरीला, लहान स्क्रू, दोन, नाना स्टोअरच्या चारही भिंतींपर्यंत जाऊन आले. कुठल्याही रांगेचा कोपरा त्यांनी सोडला नाही. घड्याळवाल्याने आकडा सांगितला तेव्हा लीडरने चाकवालीला मिठी मारली.

"ओके, तर पहिल्या दोन फेऱ्या आपण अपवाद धरू," ती डोळे पुसत म्हणाली. "थँक यू काका!"

"माझं काय त्यात," नाना म्हणाले. "मी आपला चाललो."

चौथा उठला. स्टूल त्याने स्वतःच्या रुमालाने पुसलं, जागेवर ठेवलं आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला.

*

सादरीकरणाला साहेबांनी नानांनाही नेलं, कारण पहिल्या रांगेत कंपनीची तीन माणसं बसावीत असं पत्रात होतं आणि तिसरा कुणी मोकळा नव्हता. कॉलेजच्या सभागृहात पडद्यावर स्टोअरचा नकाशा उमटला. त्यावर लाल रेघा होत्या. नाना जिथून जिथून गेले तिथून रेघ. तीनशे पाच फेऱ्यांच्या रेघा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की खालचा नकाशा दिसेनासा झाला होता. वर लिहिलं होतं: 'कर्मचारी अ'.

नानांनी चष्मा पुसून पाहिलं. आपण एवढं कुठे कुठे गेलो होतो, ह्याचा त्यांना जरासा अभिमान वाटला.

परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, "हा माणूस एवढा भटकतो कशाला? कामचुकार आहे का?"

"नाही सर!" लीडर एवढ्या जोरात म्हणाली की माइक किंचाळला. "माणूस चांगलाच आहे. जागेची रचना चुकीची आहे."

टाळ्या वाजल्या. नानांनीही वाजवल्या, बाकीच्यांच्या थांबल्यावर थोड्या.

बक्षीस घेऊन पोरं बाहेर आली. सर आले, साहेब आले. घड्याळवाल्याने मोबाइल नानांच्या हातात दिला. "काका, आमचा एक फोटो काढता का?"

नानांनी मोबाइल आडवा धरला, उभा धरला, परत आडवा धरला. दोन पावलं मागे गेले. साहेबांना म्हणाले, थोडं डावीकडे. सरांना म्हणाले, मान वर. सगळे हसू धरून उभे होते; चाकवालीचे गाल दुखायला लागले.

"काका, झालं?"

"एवढ्यात कसं होईल," नाना म्हणाले.

*

डबे बसले. असेंब्लीचं काम खरोखरच भराभर होऊ लागलं, हे कबूल करायला हवं. घोड्या सुटल्या, खिडकी विटांनी बुजवली. नाना जुन्या कागदांच्या खोलीत बसू लागले. कारखान्यातला कुठलाही अर्ज नामंजूर झाला किंवा नुसताच पडून राहिला, की तीन महिन्यांनी त्या खोलीत येतो आणि नाना तो फाइलला लावतात. आल्यापासूनच्या चार महिन्यांत त्यांनी एकवीस अर्ज लावले. बाविसावा त्यांनी स्वतः लिहिला, स्वच्छ अक्षरात, आणि नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो असा:

प्रति,
माननीय कारखाना व्यवस्थापक यांस,

विषय: जुने कागद विभागातील कामाचे शास्त्रोक्त मोजमाप होणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर विभागात निम्नस्वाक्षरीकर्ता एकटाच कार्यरत असून त्याच्या कामाचे मोजमाप आजतागायत झालेले नाही. तरी येत्या सत्रात कॉलेजच्या विद्यार्थ्यांची एक टीम ह्या विभागासाठी मागवावी. टीम शक्यतो चौघांची असावी. त्यांपैकी एकास काही काम नसले तरी हरकत नाही, बसण्याची सोय करण्यात येईल. दारापासून शेवटच्या कपाटापर्यंतचे अंतर सात पावले आहे, तथापि ते आवश्यकतेनुसार वाढवून घेण्याची संपूर्ण जबाबदारी निम्नस्वाक्षरीकर्त्याची राहील. मोजमापास कितीही आठवडे लागले तरी ह्या विभागाची तक्रार असणार नाही.

तरी सहानुभूतिपूर्वक विचार होऊन टीम पाठविण्यात यावी, ही नम्र विनंती.